चिनी ऐकता ऐकता : पहिलीच्या वर्गाचा एक अभ्यास

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या शाळांत घाटावरून नवा शिक्षक रुजू झाला, की महिनाभरात त्याची एक तक्रार ठरलेली असते : "पहिलीची मुलं बोलतच नाहीत हो." हीच मुले घरी, रानात, ओहोळावर वारलीत अखंड बडबडत असतात. वर्गात शिरली की गप्प. वारली ही मराठीची जवळची नातलग, तेव्हा मुलांना आपले कळत असणारच, असे शिक्षक गृहीत धरतो. खरोखर किती कळते, हा प्रश्न शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामात मला सारखा छळत असे. म्हणून पंचेचाळिशी उलटल्यावर मी एक पूर्ण परकी भाषा नुसत्या कानाने शिकायला घेतली. चिनी. रोज अर्धा तास, डहाणूहून तलासरीला जाणाऱ्या एसटीत. पहिले तीन महिने पुस्तक उघडायचे नाही, हा माझा नियम.

सुरुवातीला शब्द सुटे ऐकूच येत नाहीत. छापील मराठीत दोन शब्दांमध्ये जागा असते, बोलण्यात ती नसते. ऐकणाऱ्याने ती स्वतः पाडायची असते. त्यात चिनीत सूर. 'मा' उंच सपाट सुरात म्हटले तर आई, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा, झपकन उतरत्या सुरात रागे भरणे. 'माय' एका सुरात विकत घेणे, दुसऱ्या सुरात विकणे. आता बाजारात काय करायचे? मराठीलाही सूर आहे, पण तो वाक्याला असतो. "आलास." आणि "आलास?" यांत शब्द तोच राहतो, बदलतो तो हेतू. त्यामुळे चढत्या सुरातला शब्द ऐकला, की समोरचा काही विचारतो आहे असेच आपल्याला वाटते. कान बहिरा नसतो. तो आपल्या सवयीने वर्गवारी करत असतो, आणि ती वर्गवारी दुसऱ्या भाषेत लागू पडत नाही.

ही सवय मोडता येते का? 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चिनी शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना दोन आठवड्यांत आठ छोट्या बैठकांत फक्त सूर ओळखायचा सराव दिला. ऐकवलेले आवाज एकाच माणसाचे नव्हते, निरनिराळ्या बोलणाऱ्यांचे होते. विद्यार्थ्यांची ओळख स्पष्टपणे सुधारली आणि सहा महिन्यांनी तपासली तेव्हाही टिकून होती. मला यातले आवाजांचे वैविध्य सर्वांत महत्त्वाचे वाटते. एकच आवाज ऐकत राहिलो तर आपण भाषा नव्हे, तो माणूस पाठ करतो.

मराठी माणसाला चिनी ऐकताना काही गोष्टी फुकट मिळतात, आणि रोमन लिपी त्या हिरावून घेते. 'बीजिंग' रोमनमध्ये 'बी' अक्षराने लिहितात, पण चिनी माणूस तिथे 'प'च्या जवळचा उच्चार करतो. चिनीतला खरा भेद 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ' यांच्यातला, म्हणजे आपल्या बाराखडीतल्या शेजाऱ्यांचा. 'चाक'मधला आणि 'चहा'मधला 'च' आपण वेगळे उच्चारतो. तसा भेद चिनीतही आहे. (चहा हा शब्द मुळात तिकडचाच.) 'नी हाओ' हा नमस्कारही पाहा. लिहिताना दोन्ही शब्दांना तिसरा सूर लावतात, बोलताना मात्र पहिल्याचा दुसरा होतो. आधी वाचणाऱ्याला हा नियम पाठ करावा लागतो. आधी ऐकणाऱ्याला नियम आहे याचाही पत्ता नसतो. तो बरोबर बोलतो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि चिनी बोलू लागले ते रुग्ण आणि सहकारी यांच्यात राहूनच. माझ्या इअरफोनला जे कधी जमणार नाही ते त्यांच्याकडे होते : उत्तराची वाट पाहणारा माणूस. याचा पुरावा 2003 सालच्या एका अभ्यासात मिळतो. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवली. प्रत्यक्ष माणसाने खेळवत, गोष्ट सांगत ऐकवली, तेव्हा बारा बैठकांत बाळे चिनी ध्वनी ओळखू लागली. तीच माणसे पडद्यावर दाखवली किंवा नुसता आवाज ऐकवला, तेव्हा काहीच फरक पडला नाही. मोठ्यांना ध्वनिमुद्रणाचा उपयोग होतो. लहानांच्या वर्गात टीव्ही लावून भागेल, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पहिलीतल्या वारली मुलाला मराठी चिनीइतकी परकी नाही, हे खरे. काही शब्द ओळखीचे निघतात, पण क्रियापदांचे शेवट वेगळे, वेग वेगळा, आणि पुस्तकी मराठी तर घाटावरच्या मुलाचीही घरची भाषा नसते. अर्धवट ओळखीचे बोलणे कधी कधी जास्त दमवते. अशा वेळी गप्प बसलेले मूल काम करत असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाडी थेट पाड्यावरच्या अंगणात नेली. गाणी, गप्पा, पाने, खडे यांना तिथे अक्षरांइतकाच मान होता. आज मात्र जूनमध्ये शाळा उघडली, की लगेच फळ्यावर 'अ' येतो.

आम्ही काही शाळांत एवढेच केले : पहिले दोन महिने रोज अर्धा तास एकच गोष्ट, आधी पाड्यावरच्या आजीकडून वारलीत, मग शिक्षकाकडून मराठीत. दर आठवड्याला आजी वेगळी. आजी बोलत असताना शिक्षकानेही मुलांमध्ये बसून ऐकायचे, वहीपेन बाजूला ठेवून. तलासरीच्या एका पाड्यावर आठव्या आठवड्यात शिक्षक वारलीत एक वाक्य बोलला. वर्ग खो खो हसला, आणि जून महिन्यापासून तोंड न उघडलेल्या एका मुलीने त्याचे वाक्य दुरुस्त करून दिले.