‘हू इज’ की ‘हू आर’? वही तपासताना एवढं बघा

सुरगाण्यात पाचवीतल्या एका मुलीने वहीत लिहिलं, ‘हू इज कमिंग?’ घरी मोठ्या भावाने ‘इज’ खोडून ‘आर’ केलं. का, तर ईदला खाला, मामू सगळेच येणार होते! खरं तर मुलीचंच बरोबर होतं.

मराठीत आपण ‘कोण येतंय?’ आणि ‘कोण कोण येतायत?’ असा फरक करतो. उर्दूतही ‘कौन आ रहा है?’ आणि ‘कौन लोग आ रहे हैं?’ इंग्रजीत मात्र ‘हू’ स्वतः कर्ता असेल, तर क्रियापद सहसा एकवचनी राहतं: ‘हू इज कमिंग?’, ‘हू लिव्ह्ज हिअर?’ उत्तरात दहा माणसं असली तरी प्रश्न बदलत नाही. उत्तर मात्र अनेकवचनी: ‘खाला अँड मामू आर कमिंग.’

पण ‘हू आर दे?’ यात कर्ता ‘दे’ आहे, म्हणून ‘आर’. तसंच ‘व्हॉट इज युवर नेम?’, पण ‘व्हॉट आर देअर नेम्स?’ ‘विच’ असेल तर पुढचं नाम बघा: ‘विच बॉय इज’, ‘विच बॉइज आर’.

तेव्हा लाल पेन उचलण्याआधी मुलांना एवढंच विचारा: बेटा, यात कर्ता कोण?