खेळण्यातला ट्रक, पण इंजिन खरं!

मैत्रिणींनो, घरात नवी वस्तू आली की ती ठेवायची कुठे, पुसायची कशानं आणि मुलांच्या हाताला लागू द्यायची की नाही, हे तीन प्रश्न आपल्याला आधी पडतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या एका वस्तूच्या बाबतीत मी हे प्रश्न विचारलेच नाहीत. "खेळणं आहे, मुलांचं मुलं बघतील," असं म्हणून मोकळी झाले. ती चूक केवढ्याला पडली असती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून तर आज हे सगळं तुम्हाला सांगायला बसले आहे.

धाकटे भावोजी परदेशातून आले, ते आमच्या थोरल्यासाठी रिमोटवर चालणारा एक ट्रक घेऊन. हात-दीड हात लांब, मोठाली रबरी चाकं, प्रत्येक चाकापाशी स्प्रिंगा. मला वाटलं, बॅटरीचा असेल. भावोजी हसले. "वहिनी, ह्याला खरं इंजिन आहे. इंधन घालायचं, धूर येतो, आवाजही येतो!" विमानातून इंधन आणता येत नाही, म्हणून ते पुढे पुण्याच्या एका दुकानातून आलं. डबाभर गुलाबी, पातळ पाणी.

आता ऐका काय झालं. थोरला ट्रक घेऊन मैदानावर जायचा. मोठा डबा न्यायला अवजड, म्हणून त्यानं थोडं इंधन कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून घेतलं. परत आल्यावर उरलेली बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावरच राहिली. वैशाखातली दुपार. माझी सात वर्षांची धाकटी खेळून आली, तिनं पेल्यात ते 'सरबत' ओतलं, वर माठातलं पाणी घातलं. सासूबाई शेजारीच पानं चिरत बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "अगं थांब! ह्याला एरंडेलाचा वास कसा येतोय?" आणि त्यांनी तिच्या हातातला पेला काढूनच घेतला.

ज्या बाईनं सहा मुलांना महिन्याच्या महिन्याला एरंडेल पाजलं, तिच्या नाकानं माझी मुलगी वाचवली. ह्या इंधनात खरोखरच एरंडेल असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

डब्यात असतं तरी काय?

ह्या इंधनात निम्म्याहून जास्त असतो मिथेनॉल. त्यात साधारण पाचवा हिस्सा नायट्रोमिथेन, आणि बाकीचं तेल, कधी एरंडेल, कधी कृत्रिम, बहुधा दोन्ही मिळून. पूर्वी आपल्या स्कूटरच्या पेट्रोलमध्ये पंपावर ऑइल घालून घ्यायचो, आठवतं ना? तसंच हे. इंजिनाला वेगळं तेल घालत नाहीत, इंधनातूनच त्याला वंगण मिळतं.

मिथेनॉल म्हणजे विषारी दारूतलं विष. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं दगावली, ती ह्याच मिथेनॉलनं. मोठ्या माणसाच्या पोटात दोन चहाचे चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर गेलं तरी डोळे जाऊ शकतात. तीस मिलिलिटरनं जीव जाऊ शकतो. लहान मुलाला तर त्याहून कितीतरी कमी पुरतं. आणि फसवं किती! सुरुवातीला काही होतच नाही, बारा-चोवीस तासांनी धुरकट दिसायला लागतं. म्हणून कुणाच्या पोटात थेंबभरही गेल्याचा संशय आला, तर 'बघू उद्या' म्हणू नका. उलटी करवू नका, दूध-तूप पाजत बसू नका. इंधनाचा डबा सोबत घ्या आणि सरळ मोठं रुग्णालय गाठा. ह्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

त्या संध्याकाळी आमचे हे म्हणाले, "ट्रक उद्याच्या उद्या विकून टाकायचा." थोरला जेवला नाही. खोलीचं दार लावून बसला. त्याच वर्षी बारावीत त्याचे मार्क घसरले होते, घरात तो कुणाशी धड बोलत नव्हता. दिवसभरात तोंडावर हसू यायचं ते ह्या ट्रकपाशीच. मी रात्रभर विचार केला. आपण गॅस घरात ठेवतोच ना? विळी, कुकर, इस्त्री, सगळंच जपून वापरतो. वापरायचं शिकतो म्हणून ते घरात नांदतं. सकाळी मी त्याला म्हटलं, "ट्रक ठेवायचा, पण मला आधी सगळं शिकव. मला कळल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही." पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं!

आधी घराचे नियम

आम्ही दोघांनी मिळून हे नियम केले. तुम्हीही करा.

इंधन मूळ डब्यातच राहील. खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीही नाही, लेबल लावूनसुद्धा नाही. मैदानावर न्यायला ह्या कामासाठीच मिळणारी नळीची बाटली घ्यावी, आणि घरी आल्यावर ती लगेच रिकामी करावी.

डबा कुलुपात, गार जागी, गॅस आणि देवघरातल्या दिव्यापासून दूर ठेवावा. झाकण घट्ट हवं. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, पापडाच्या डब्याचं झाकण उघडं राहिल्यावर होतं तसंच.

इंजिन घरात, गॅलरीत किंवा बंद गॅरेजमध्ये कधीच सुरू करू नये. धूर विषारी असतो.

मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही. म्हणून भरताना इंजिन बंद आणि गार असावं, आणि वाळूची बादली हाताशी असावी. हाताला लागलं तर साबणानं लगेच धुवावं.

वेग नंतर, लगाम आधी

अमेरिकेत टेक्सासमधल्या ट्रॅक्सस कंपनीनं १९९९ मध्ये टी-मॅक्स नावाचा ट्रक काढला. चारही चाकांना ताकद, आणि पुढे जातो तसा मागेही. तेव्हापासून ह्या जातीचं वेड फार वाढलं. आता बॅटरीवरच्या गाड्या जास्त खपतात, पण धुराचा आणि आवाजाचा नाद असलेली माणसं इंजिनच धरून आहेत. आमचा ट्रक दुसऱ्या कंपनीचा, पण घडण तीच. इंजिन केवढं म्हणाल, तर अडीच-तीन सी.सी.चं, चहाच्या अर्ध्या-पाऊण चमच्याएवढं. पण आपला मिक्सर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो, हे तीस हजारांवर जातं! चार-पाच किलोचा ट्रक ताशी पन्नास किलोमीटरनं धावतो. गव्हाची पिशवी त्या वेगानं कुणाच्या नडगीवर आली तर?

म्हणून मुलगा "आई, मोठं इंजिन घेऊया" म्हणाला, की तुम्ही म्हणा, "आधी लगाम." ट्रकमध्ये सुधारणा करायच्या, तर क्रम असा ठेवा.

पहिलं, ट्रकमधली बॅटरी. सुट्या सेलचा डबा खड्ड्यात आपटून सैल होतो, सेल सुटतात आणि ट्रक मोकाट सुटतो. त्याऐवजी सेल एकमेकांना जोडलेला, चार्ज होणारा पॅक बसवावा. खर्च थोडा, उपयोग मोठा.

दुसरं, फेल-सेफ. रिमोटचा संदेश तुटला की हे आपोआप ब्रेक लावतं. पण बॅटरीच सुटली तर तेही चालत नाही. त्यासाठी कार्ब्युरेटरच्या दांडीला एक छोटी स्प्रिंग लावतात, ती इंजिनाचा वेग आपणहून उतरवते. दोन्ही हवीत. ट्रक उचलून धरून, रिमोट बंद करून फेल-सेफची चाचणी दर वेळी घ्यावी.

तिसरं, वळण देणारी मोटर, म्हणजे सर्व्हो. मोठ्या चाकांना मूळची बहुधा अपुरी पडते. ट्रक वळला नाही, तर वेग काय कामाचा?

चौथं, चाकांतली बेअरिंगं. साध्या कड्या असतील तर छऱ्यांची बेअरिंगं घालावी. सगळं हलकं फिरू लागतं.

अॅल्युमिनियमच्या चकचकीत भागांचा मोह मात्र आवरा. प्लॅस्टिकचा हात आपटला की लवतो, फार तर तुटतो, आणि स्वस्तात बदलता येतो. धातूचा भाग धक्का पुढच्या भागाला देतो आणि महागाचं काहीतरी मोडतं. धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूंना मात्र पकड धरणारा द्रव लावायलाच हवा, नाहीतर थरथरीनं ते गळून पडतात.

आणि स्विचचा क्रम पाठ करून घ्या. सुरू करताना आधी रिमोट, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक, मग रिमोट. आमच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे.

इथे आपलं स्वयंपाकघर कामी येतं

हवेचा फिल्टर म्हणजे ह्या इंजिनाची पिठाची चाळणी. आपल्याकडची बारीक धूळ आत गेली, तर इंजिन काही मिनिटांत घासून निकामी होतं. स्पंज साबणाच्या पाण्यात धुवावा, पूर्ण वाळवावा, फिल्टरचं तेल चोळून पिळावा. प्रत्येक फेरीनंतर हे करायचंच. आमच्याकडे आता स्पंजांची जोडी आहे. एक वापरात, एक दोरीवर!

नवं इंजिन लगेच पळवू नये. पहिल्या चार-पाच टाक्या हळूहळू, जास्त इंधनावर जाळाव्यात. नवी बिडाची कढई आपण लगेच वापरत नाही, आधी तिला तेल लावून मुरवतो, तसंच समजा.

मग सुईची पाळी. कार्ब्युरेटरवरचा स्क्रू आत फिरवला की इंधन कमी, बाहेर काढला की जास्त. एका वेळी घड्याळाच्या एका तासाएवढाच फिरवायचा, मग ट्रक चालवून बघायचा. जोरात जाताना मागे निळसर धुराची रेघ दिसली पाहिजे. धूरच नाही, म्हणजे इंधन कमी, म्हणजेच तेलही कमी. तेव्हा ट्रक सर्वांत जोरात पळतो, आणि तिथेच मुलं फसतात. तो वेग इंजिन जाळून मिळालेला असतो.

इंजिन किती तापलं, हे बघायची युक्ती तर आपलीच! धिरड्याचा तवा तापला का, हे बघायला पाणी शिंपडतो ना? इंजिनाच्या माथ्यावर पाण्याचा थेंब टाका. तीन ते पाच सेकंद चुरचुरत उडाला तर ठीक. टाकल्याबरोबर उडाला तर फार तापलंय, सुई थोडी बाहेर काढा. मोजायचंच तर १०५ ते १२० अंश सेल्सिअस असावं. थोरल्याला हे मी करून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "आई, तुला कसं माहीत?" म्हटलं, "वीस वर्षं तवाच बघतेय!"

दणका खाणाऱ्या शॉकमध्ये सिलिकॉनचं तेल असतं, पातळ-दाट अशा क्रमांकांचं. पाक एकतारी की दोनतारी, हे पदार्थावर ठरतं, तसं तेल जमिनीवर ठरतं. बारीक खाचखळग्यांना पातळ, मोठ्या उड्यांना दाट. उन्हाळ्यात तेल आणखी पातळ होतं, म्हणून एक पायरी दाट घ्यावं. ट्रक वीतभर उंचीवरून सोडून बघावा. टेकून बसताना चेंडूसारखा उसळला, तर तेल पातळ आहे.

दोन दातेरी चाकं एकमेकांत किती रुतावीत? मध्ये वर्तमानपत्राची पट्टी धरून चाकं जुळवावी, स्क्रू आवळावेत आणि पट्टी फिरवून बाहेर काढावी. कागदावर दात उमटले पण तो फाटला नाही, म्हणजे जमलं.

खेळून झाल्यावर टाकीत इंधन ठेवू नये. उरलेलं जाळून टाकावं, मग इंजिनात खास तेलाचे चार थेंब सोडून ते दोन-चार वेळा फिरवावं. मिथेनॉलचा ओलावा आत राहिला, तर बेअरिंगं गंजतात. पिस्टन खाली असेल असं चाक फिरवून ठेवावं, वर अडकून राहिला तर पुढच्या वेळी इंजिन हलत नाही. आणि पाण्याच्या पाइपखाली ट्रक कधी धरू नये. ब्रश आणि फडकं पुरे.

एवढा सगळा व्याप कशासाठी, असं तुम्ही विचाराल. आम्हालाही पैसे मोजूनच करावं लागलं. महिन्याला ठरावीक रक्कम, त्यात इंधन आणि भाग बसवायचे. बाकीचं पुढच्या महिन्यात. हिशेबाची वही थोरल्याकडेच दिली. रविवारी सकाळी आम्ही सगळे गावाबाहेरच्या माळावर जातो. दुपारी वामकुक्षीच्या वेळी किंवा सोसायटीत हा आवाज कुणालाच नको असतो. रस्ता लांब आणि गुरं-माणसं नसतील, अशीच जागा निवडतो. धाकटी वीस पावलं मागे, माझा हात धरून उभी असते.

ह्या दोन वर्षांत थोरला सुई कमी-जास्त करता करता बोलायला लागला. आधी ट्रकचं, मग कॉलेजचं, मग एकदा बारावीच्या त्या मार्कांचंही. बाटली ओट्यावर ठेवल्याबद्दल तो धाकटीला आणि आजीला स्वतःहून सॉरी म्हणाला. मी काही सांगितलं नव्हतं.

कोकमाची ती बाटली सासूबाईंनी त्याच दिवशी फोडून टाकली. तुमच्या घरी असं इंधन असेल, तर हे पान वाचून झाल्यावर आधी उठा आणि ते कशात भरलंय ते बघून या.