सारखं दिसणं आणि नक्कल करणं

इंदापूर तालुक्यात कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला उजनीचं पाणी पसरलेलं आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. जवळच चित्रबलाक उभे असतात आणि थोड्या खोल पाण्यात टिबुकली बुड्या मारत असते. रोहित आणि चित्रबलाक दोघांचेही पाय काटकुळे, मान लांब. पाहणारा त्यांना एका कुळात घालतो आणि बुटक्या टिबुकलीला वेगळी काढतो. जनुकांच्या अभ्यासातून मात्र उलटंच नातं समोर आलं. रोहितचं सर्वांत जवळचं नातं टिबुकलीच्या कुळाशी आहे, चित्रबलाक त्याला बराच लांबचा. मग पाय सारखे कसे? उथळ पाण्यात, चिखलात उभं राहून पोट भरायचं तर लांब पाय लागतात. ती गरज दोन्ही घराण्यांवर स्वतंत्रपणे आली आणि उत्तर एकच निघालं. टिबुकलीच्या बोटांना वल्ह्यासारख्या पाळ्या असतात. काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या वारकरी पक्ष्यालाही तशाच पाळ्या आहेत आणि त्याचं कूळ तिसरंच. जीवशास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

आता बारामतीच्या किंवा इंदापूरच्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात जा आणि पाच कंपन्यांचे फोन नाव झाकून शेजारी ठेवायला सांगा. कुठला कुणाचा हे रोज फोन विकणाऱ्यालाही पटकन सांगता येणार नाही. ‘सगळे एकमेकांची कॉपी मारतात,’ असं आपण म्हणतो आणि विषय संपवतो. मला हा निकाल घाईचा वाटतो. सारखेपणा वारशाने येतो, एकाच अडचणीतून येतो आणि निव्वळ नकलेतूनही येतो. यातलं काय कुठे आहे हे ओळखता आलं, तरच कुणी काय चोरलं हे सांगता येईल. ते ओळखायला शिकवणारं सर्वांत चांगलं उदाहरण बारामतीच्या एमआयडीसीतच आहे.

तिथल्या पियाजिओच्या कारखान्यात १९९९ पासून अ‍ॅपे ही तीनचाकी तयार होते आणि एप्रिल २०१२ पासून व्हेस्पा. या दोन्ही गाड्यांची मुळं इटलीतल्या पोंतेदेरा गावात आहेत. पियाजिओ ही विमानं बनवणारी कंपनी. दुसऱ्या महायुद्धात तिचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर लोकांना परवडेल असं वाहन काढायचं काम कोराडिनो द'आस्कानिओकडे आलं. तो विमानांचा आणि हेलिकॉप्टरचा अभियंता. मोटरसायकल त्याला मुळीच आवडत नसे. तिच्यावर टांग टाकून बसावं लागतं, साखळीचं तेल कपड्यांना लागतं, पंक्चर झालं तर चाक काढणं जिकिरीचं. त्याने या तक्रारी एकेक करून सोडवल्या. इंजिन थेट मागच्या चाकाशी नेलं, त्यामुळे साखळी गेली. गिअर हँडलवर आणले. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूच्या दांड्यावर बसवलं, त्यामुळे ते झटकन काढता येऊ लागलं. सांगाड्यासाठी नळ्या वापरल्याच नाहीत. दाबून आकार दिलेला पत्राच सगळा भार पेलतो, विमानाच्या कवचासारखा. एप्रिल १९४६ मध्ये फ्लॉरेन्समध्ये या गाडीच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला.

पुढच्याच वर्षी मिलानच्या इनोचेंती कंपनीची लॅम्ब्रेटा आली. तीच छोटी चाकं, तीच पाय ठेवायची सपाट फळी, पुढे तसंच कवच. नक्कलच म्हणायची, पण पत्रा काढून आत पाहिलं की चित्र बदलतं. इनोचेंतीचा मूळ धंदा पोलादी नळ्यांचा, म्हणून लॅम्ब्रेटाचा सांगाडा नळीचा आणि पत्रा फक्त वरचं आवरण. व्हेस्पात पत्रा हेच हाड, लॅम्ब्रेटात पत्रा म्हणजे कपडे. प्रत्येकाने आपल्या हाताला जे येत होतं त्यातून एकाच अडचणीचं उत्तर काढलं. बाहेरून त्या बहिणी वाटतात, आतून त्यांचं नातं रोहित आणि चित्रबलाकाइतकं दूरचं आहे.

दुसरा प्रकार आपल्याच जिल्ह्यातला. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९६० च्या दशकात पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. हा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं, शरीर व्हेस्पाचं. पुढे बजाजच्या स्कूटर परदेशी बाजारात जाऊ लागल्या, तेव्हा पियाजिओने त्यांना कोर्टात खेचलं. चेतकला मी नक्कल म्हणणार नाही, ती वारसा आहे. परवान्याच्या वर्षांत इथल्या कामगारांनी साचे करायला, पत्रा ओढायला, इंजिनाचे भाग ओतायला आणि घासायला शिकून घेतलं. करार संपला तरी हातातली विद्या परत जात नाही. आकुर्डी, चिंचवड, चाकणच्या असंख्य लहान वर्कशॉपमध्ये ती पसरली. पुणे जिल्ह्याच्या वाहनउद्योगाचा पाया त्यात आहे आणि त्याबद्दल लाज वाटण्याचं काही कारण नाही.

बजाजने २००९ च्या अखेरीस स्कूटर बंद करायचं ठरवलं. तीन वर्षांत मूळ मालकाची व्हेस्पा बारामतीत तयार होऊ लागली. मग २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बजाजने विजेवरची चेतक दाखवली. तिच्याकडे जरा वेळ देऊन पाहण्यासारखं आहे. जुन्या स्कूटरचे मागचे दोन फुगीर गाल उगीच नव्हते, एका बाजूला इंजिन मावायचं होतं. विजेच्या गाडीत ना सिलिंडर, ना कार्ब्युरेटर, ना सायलेन्सर. आकार कसाही ठेवायची मुभा होती. तरीही गोलाई राहिली, पत्र्याचं अंग राहिलं, एका बाजूच्या दांड्यावरचं पुढचं चाकही राहिलं. भौतिकशास्त्राची सक्ती संपल्यावर जे उरतं ते आवडीचं, आठवणीचं असतं. ते जपणंही ठीकच, पण ती निवड आहे हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे.

अ‍ॅपेची गोष्ट वेगळी. पोंतेदेरात १९४८ मध्ये व्हेस्पाच्या पुढच्या भागाला मागे गाडा जोडून ती तयार झाली. आज भिगवणच्या बाजारातून मासे आणि इंदापूरच्या बागांतून डाळिंबं ज्या तीनचाकी टेम्पोंतून निघतात, ते टेम्पो कुठल्याही कंपनीचे असोत, एकाच घडणीचे दिसतात. पुढे एक चाक, मागे दोन, हौदा मागे. तीन पायांची तिवई उंचसखल जमिनीवरही डगमगत नाही, कारण तीन बिंदू नेहमी एकाच पातळीत बसतात. म्हणून खड्ड्याच्या रस्त्यावरही तिन्ही चाकं टेकलेली राहतात. पण या त्रिकोणाची पुढची बाजू निमुळती असते. वळणावर जोरात ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं, म्हणजे नेमकं तिथे, जिथे आधार सर्वांत अरुंद आहे. पुढचं चाक आणि मागचं बाहेरच्या बाजूचं चाक यांना जोडणारी रेषा ओलांडून वजनाचा तोल बाहेर गेला की गाडी कलंडते. म्हणून माल मागच्या चाकांच्या जवळ आणि शक्य तितका खाली हवा. हौदा मागे ठेवणारा प्रत्येक कारखानदार दुसऱ्याची नव्हे, भूमितीची आज्ञा पाळत असतो.

पुण्याच्या टाटा मोटर्सने २००५ मध्ये या घडणीची सुधारित प्रत काढली असती तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी एक चाक वाढवलं. गावोगावी छोटा हत्ती म्हणून ओळखला जाणारा एस आला, दोन सिलिंडरच्या छोट्या डिझेल इंजिनाचा. पुढे पियाजिओनेही चारचाकी छोटा ट्रक काढला. अडचण तीच, लहान माल थोड्या पैशांत वाहायचा, पण त्रिकोणाचा चौकोन करायचं धाडस ज्याने दाखवलं त्याच्यामागे बाकीच्यांना जावं लागलं.

कोर्टात गेलेलं सर्वांत बोधप्रद प्रकरणही पुण्याचंच. बजाजने जुलै २००२ मध्ये दोन स्पार्कप्लगच्या इंजिनासाठी पेटंटचा अर्ज केला. पल्सरवरच्या डीटीएस-आय या अक्षरांमागचं तंत्र ते हेच. लहान इंजिनात सिलिंडरच्या डोक्यावरची जागा दोन व्हॉल्व्हच व्यापतात, प्लगला मधोमध जागा मिळत नाही, तो कडेला जातो. मग ज्योतीला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जावं लागतं. हिशेब सोपा आहे. सिलिंडरची रुंदी ५० मिलिमीटर आणि ज्योतीचा वेग सेकंदाला २० मीटर धरला, तर हे अंतर कापायला अडीच मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ६,००० फेऱ्या घेणाऱ्या इंजिनात एक फेरी १० मिलिसेकंदांची. म्हणजे पेट्रोल पूर्ण जळेपर्यंत क्रँक पाव फेरी फिरलेला असतो. समोरासमोर दोन प्लग लावले की वाट निम्मी होते, वेळही निम्मा. हवेत पेट्रोल कमी मिसळलं तर ज्योत मंदावते. दोन ठिणग्या ती उणीव भरून काढतात आणि इंधन वाचतं.

टीव्हीएसने २००७ मध्ये फ्लेम ही मोटरसायकल जाहीर केली. तिच्या इंजिनातही दोन प्लग होते, शिवाय तीन व्हॉल्व्ह. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मनाई केली, तेव्हा टीव्हीएसने एका प्लगची फ्लेम बाजारात आणली. मे २००९ मध्ये खंडपीठाने ती मनाई उठवली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीचा हिशेब ठेवून गाडी विकायची मुभा दिली आणि अशी प्रकरणं रोजच्या रोज ऐकून चार महिन्यांत निकाली काढावीत असं बजावलं. हा वाद मात्र २०१९ मध्ये तडजोडीनेच संपला. दोन प्लगची कल्पना विमानांच्या इंजिनात फार पूर्वीपासून आहे. बजाजचा दावा लहान सिलिंडरात ती नेमकी कशी बसवली यापुरता होता. इथे निसर्गनियम कुठे संपतो आणि माणसाची युक्ती कुठे सुरू होते, हा प्रश्न वकिलांनाही अवघड गेला.

आता परत मोबाइलकडे. काचेला हलका स्पर्श केला की बोटातून विद्युतभारात होणारा फरक ओळखणारा पडदा २००७ च्या सुरुवातीला एलजी आणि अ‍ॅपल या दोघांच्या फोनवर आगेमागे आला. त्यामुळे बटणं गेली आणि फोनची पाटी झाली. टोकदार कोपऱ्यावर पडल्याचा ताण एकवटतो, म्हणून कोपरे गोल हवेत. धातू रेडिओ लहरी अडवतो, आणि बिनतारी चार्जिंगच्या चुंबकी क्षेत्राने धातूच्या पत्र्यात प्रवाह घुमू लागून तो तापतो, म्हणून पाठ काचेची किंवा प्लॅस्टिकची. भाग पुरवणारेही मोजकेच. अ‍ॅपल आणि सॅमसंग २०११ पासून कोर्टात भांडत होत्या आणि त्याच काळात २०१७ च्या आयफोन टेनचा पडदा सॅमसंगच बनवत होती. एवढ्या सारखेपणात चोरी शोधू नये.

पण त्याच आयफोनच्या वरच्या काठाची खाच पाहा. चेहरा ओळखणारी अवरक्त किरणांची यंत्रणा तिथे बसवायची होती म्हणून ती रुंद होती. २०१८ मध्ये अनेक कंपन्यांनी तशीच रुंद खाच काढली आणि आत नुसता साधा कॅमेरा ठेवला. ही शुद्ध नक्कल, कारण सोडून फक्त रूप उचललेलं. हेडफोनच्या भोकाचंही तेच. अ‍ॅपलने ते २०१६ मध्ये बुजवलं तेव्हा सॅमसंगने जाहिरातींतून टिंगल केली आणि २०१९ च्या नोट टेनमध्ये स्वतःही बुजवलं. पाण्यात टिकणारे फोन त्या भोकासह बनत होतेच, त्यामुळे ही भौतिकशास्त्राची सक्ती नव्हती. तोटा तारेचे हेडफोन वापरणाऱ्या गिऱ्हाइकाचा झाला.

कायद्याने हा भेद मान्य केलेला आहे. तांत्रिक कामासाठी अपरिहार्य असलेला आकार भारताच्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार कुणालाही आपल्या नावावर करता येत नाही. अमेरिकेत मे २०१८ मध्ये सॅमसंगने अ‍ॅपलला द्यायची म्हणून ५३.९ कोटी डॉलरची भरपाई ठरली. त्यातले ५३.३ कोटी दिसण्याच्या नकलेसाठी होते आणि चालण्याच्या तंत्रासाठी जेमतेम ५३ लाख. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका चिनी कंपनीच्या विरोधात व्हेस्पाच्या आकाराची ओळख मान्य केली, कारण लोक तो आकार पाहताच व्हेस्पा म्हणतात. गोलाई ही निवड होती, ती त्यांची.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं कमलनयन बजाज यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या आणि इंदापूरच्याही मुलामुलींना माझं सांगणं आहे. भारतीय पेटंट क्रमांक १९५९०४ काढून वाचा, तेच बजाजचं दोन प्लगचं इंजिन. पेटंट वीस वर्षांचं असतं, त्याची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. आकृत्या, मापं, दावे सगळं खुलं आहे आणि आता ते कुणीही वापरू शकतं. त्यातली प्रत्येक गोष्ट तशीच का आहे हे विचारा, आणि जिथे उत्तर सापडणार नाही तिथून आपलं काम सुरू करा.