दातांवरचा थर चुळीने का निघत नाही?

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या शाळांत दातदुखीने वर्गात रडणारं पोरगं ही काही नवी गोष्ट नाही. गाल सुजलेला, पेपर अर्धवट. पालकांना बोलावलं की म्हणतात, "जेवल्यावर चूळ तर भरतो की!" चूळ चांगलीच, पण ती कुठे कमी पडते ते आम्ही मुलांना असं समजावतो.

दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर बसतो. तो डोळ्याला दिसत नाही. त्यावर आधी काही ठरावीक जिवाणू चिकटतात, बहुतेक स्ट्रेप्टोकोकस घराण्यातले. पुढची गंमत बघा. मागून येणाऱ्यांना दाताची गरजच उरत नाही, ते आधी बसलेल्यांनाच धरतात. एकाच्या अंगावरचं प्रथिन दुसऱ्याच्या अंगावरच्या शर्करेत कुलूप-किल्लीसारखं बसतं. फ्युजोबॅक्टेरियम नावाचा लांबट जिवाणू तर पुलाचं काम करतो. पहिल्यांनाही धरतो, उशिरा आलेल्यांनाही. या वस्तीलाच डॉक्टर प्लाक म्हणतात.

डिंक मात्र आपणच पुरवतो. स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हा जिवाणू साखरेपासून ग्लुकन नावाचा चिकट पदार्थ बनवतो. त्यातला बराचसा पाण्यात विरघळत नाही, मग चुळीने निघणार कसा? आपला जिल्हा तांदळाचा. भाताचे कण तोंडात राहिले तरी आम्ल होतं, पण हा डिंक साखरेचाच. आणि गुडाखूने दात घासणाऱ्यांना काय सांगावं, त्यात तंबाखूबरोबर गुळाची मळीही असते!

साखर खाऊन हे जिवाणू आम्ल सोडतात. थराखालचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कठीण आवरण विरघळायला लागतं. लाळ हळूहळू ते सावरते, पण तिला वेळ लागतो. म्हणून एकदाच दोन चॉकलेटं खाणारा परवडला, दिवसभर एकेक चघळणारा नाही. झोपेत लाळ कमी सुटते. रमजानमध्ये सेहरीला दूध-फेणी खाऊन तसंच आडवं होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

हा थर घासूनच निघतो, मग मिस्वाक असो, कडुनिंबाची काडी असो की ब्रश. तो राहिला तर लाळेतल्या कॅल्शियमने कडक होतो आणि मग दंतवैद्याच्या अवजाराशिवाय सुटत नाही. आज झोपण्याआधी चूळ भरा आणि हिरडीलगत दातावरून हळूच नख फिरवा. नखात पांढुरकं मऊ काही आलं, तर तेच ते.