पावडरचा डबा आणि अण्णांचं बीपी

ही चूक माझी स्वतःची आहे. तुमच्यापैकी कोणी करू नये म्हणून लिहितोय.

दिवाळीच्या सुट्टीत करकंबला गेलो तेव्हा बॅगेत मळके कपडे, अर्धवट जर्नल आणि आर्जिनिन पावडरचा एक डबा होता. जिममधला सीनियर म्हणाला होता, "याने रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, बीपीसुद्धा उतरतं." आमच्या अण्णांना पाच वर्षांपासून बीपी आहे. पोरगं इंजिनिअर होणार म्हटल्यावर घरात त्याचा शब्द चालतो! रोज एक चमचा घ्या, असं सांगून मी होस्टेलवर परत आलो. महिन्याने फोन केला तर अण्णा म्हणाले, "गोळी बंद केलीया. तुझी पावडर हाय की आता!"

पोटात धस्स झालं. शनिवारी लेक्चर बुडवून एसटी पकडली. डॉक्टरांनी बीपी मोजलं, १७० वर १००. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.६, म्हणजे किडनीसुद्धा थोडी थकलेली. डॉक्टर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "या डब्यातली वस्तू शरीरात काय करते, तुला माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. मग लायब्ररी गाठली.

आपण जे प्रोटीन खातो ती २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ असते. आर्जिनिन हा त्यातलाच एक मणी. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो आणि तो वाहिनीच्या स्नायूला सैल पडायला सांगतो. या वायूच्या शरीरातल्या या कामाच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. वाहिनी सैल झाल्याने काय होतं? फ्लुइड मेकॅनिक्स आठवा. नळीतला अवरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या नुसती १० टक्के वाढली तरी अवरोध जवळजवळ ३२ टक्के घटतो. म्हणजे सीनियर अगदीच थापा मारत नव्हता.

१९९१ मध्ये अमेरिकेत मिठाने बीपी चढणाऱ्या खास जातीच्या उंदरांना आर्जिनिन दिलं, तर खारट खाऊनही त्यांचं बीपी चढलं नाही. पण माणूस म्हणजे उंदीर नव्हे. २०११ मध्ये माणसांवरच्या ११ चाचण्यांचे (एकूण ३८७ जण) आकडे एकत्र केले, तेव्हा वरचं बीपी सरासरी ५ आणि खालचं ३ च्या आसपास उतरलेलं दिसलं. डोस होता दिवसाला ४ ते २४ ग्रॅम. आता गणित करा. १७० मधून ५ गेले, उरले १६५! गोळीची जागा हे कसं घेणार? शिवाय तोंडावाटे घेतलेलं बरंचसं आर्जिनिन आतडं आणि यकृतच फोडून टाकतात.

आणि 'फायदा नाही तर नाही, तोटा तर नाही ना?' हेही खरं नाही. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले, न घेणाऱ्यांपैकी एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

आता किडनीकडे येऊ. आमच्याकडे ठिबकवाल्या प्रत्येक शेतकऱ्याला फिल्टर आणि प्रेशर गेज माहीत असतं. प्रत्येक किडनीत असे साधारण दहा लाख बारीक फिल्टर असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं रक्तात परत जातं. प्रोटीनचं किंवा अमिनो आम्लांचं मोठं जेवण झालं की फिल्टरकडे येणारी वाहिनी रुंदावते, जास्त रक्त आत येतं आणि गाळण वाढते. धडधाकट किडनी हे ओव्हरटाइम सहज करते. पण जुन्या बीपीने काही फिल्टर बाद झाले असतील, तर उरलेल्यांवर आधीच जादा प्रेशर असतं. त्यावर आणखी भार टाकला की तेही झिजतात. ही कल्पना बॅरी ब्रेनर यांनी १९८२ मध्ये मांडली. ठिबकची जाळी फाटली तर पंढरपुरातून नवी आणता येते, ही जाळी कुठल्याच दुकानात मिळत नाही.

गंमत बघा, शरीर स्वतः जे आर्जिनिन बनवतं, त्यातलं बरंचसं किडनीच बनवते! म्हणजे पावडर घेऊन किडनी सांभाळण्यापेक्षा किडनी सांभाळून आर्जिनिन मिळवणं शहाणपणाचं.

मग खायचं काय? धडधाकट माणसाला दर किलो वजनामागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रोटीन पुरतं. ६० किलोच्या पोराला ५० ग्रॅम. भाकरी, डाळ, दूध, अंडी, मटकी यांतून ते निघतं. आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यात तब्बल ३ ग्रॅम आर्जिनिन असतं. सोलापूरकरांनी शेंगा खाऊन हे कधीच साधलंय! फक्त चटणीतल्या मिठाकडे लक्ष ठेवा. दिवसाला एकूण ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी प्रोटीन किती घ्यायचं हे डॉक्टरांनाच विचारावं.

जिमला जाणाऱ्यांनो, व्यायाम सोडा असं मी म्हणत नाही. डबा फोडण्याआधी एकदा बीपी मोजा, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. बीपी आणि किडनी, दोघंही बिघडताना आवाज करत नाहीत.

अण्णांची गोळी पुन्हा सुरू झालीय. गेल्या महिन्यात बीपी १३८ वर ८६ होतं. क्रिएटिनिन अजून १.५ आहे, दर तीन महिन्यांनी तपासतो. डबा धुऊन आईने त्यात हळद भरलीय. स्वयंपाकघरात गेलो की तो दिसतो, आणि आई काही बोलत नाही. दिवाळीत घरी जाल तेव्हा तुमच्याही घरच्यांना विचारा, गोळी चालू आहे ना?