कचरा दाबायचा की वेगळा करायचा?

'कॉम्पॅक्शन' म्हटलं की सिव्हिलवाल्यांना सॉइल मेकॅनिक्सची लॅब आठवते. प्रॉक्टर टेस्टचा रॅमर, प्रत्येक थराला २५ ठोके, आणि दुखणारा खांदा! बाकीच्या ब्रँचेसना बहुधा काहीच आठवत नाही. पण हेच काम घरच्या कचऱ्यावर करणारं एक यंत्र आहे, ट्रॅश कॉम्पॅक्टर. अमेरिकेत व्हर्लपूल कंपनीने १९६९ मध्ये ते घरगुती वापरासाठी बाजारात आणलं. न्यू जर्सीत बरीच वर्षं राहिलेले माझे काका आता पुण्यात फ्लॅट घेतायत आणि किचनमध्ये हे यंत्र बसवायचं त्यांच्या डोक्यात आहे. "तू इंजिनियर होतोयस ना, मग सांग, बसवू का?" असं त्यांनी विचारलं. त्यांच्यासाठी जो अभ्यास केला, तोच इथे मांडतोय.

यंत्र तसं सोपं आहे. ओट्याखाली मावणारा साधारण १५ इंच रुंदीचा डबा, आत ड्रॉवर आणि जाड पिशवी. वर एक लोखंडी पाटा असतो, त्याला रॅम म्हणतात. मोटर फिरली की स्क्रू फिरतात आणि रॅम खाली येऊन कचरा दाबतो. भार वाढून मोटरचा वेग पडला की दिशा उलटते आणि रॅम वर जातो. लहान मुलांनी चालू करू नये म्हणून किल्लीचं लॉक असतं. चार-पाच पिशव्यांचा कचरा एका पिशवीत बसतो.

आता थोडं गणित करू. रॅमचं बल २००० पौंड, म्हणजे सुमारे ९०० किलो धरा. ऐकायला प्रचंड वाटतं. पण पाट्याचं क्षेत्रफळ ३० बाय ४० सेंटीमीटर धरलं, तर १२०० चौरस सेंटीमीटरवर सरासरी दाब येतो ०.७५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. याउलट ६० किलोचा माणूस २५ चौरस सेंटीमीटरच्या टाचेवर उभा राहिला तर दाब २.४ किलो! म्हणजे पाण्याची एक रिकामी बाटली चपटी करायला आपली चप्पल पुरते, आणि तीही फुकटात.

दुसरी गोष्ट, आकार कमी झाला तरी वजन तेवढंच राहतं. तीन-तीन किलोच्या चार पिशव्यांची एक पिशवी झाली, तरी ती १२ किलोची. ती खाली कोण नेणार, काका की काकू?

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. पुन्हा प्रॉक्टर टेस्ट आठवा. ठरावीक ओलाव्यापलीकडे मातीत पाणी वाढलं की घनता उलट कमी होते, कारण पाणी दाबलं जात नाही, नुसती जागा अडवतं. आपल्या कचऱ्यात भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा आणि उरलेला भात, म्हणजे पाणीच पाणी. ते दाबलं की रस पिशवीच्या तळाशी साचतो. हवा नसल्यामुळे आत कुजण्याची प्रक्रिया वेगळी होते आणि सगळीकडे वास सुटतो. यंत्र फायद्याचं ठरतं ते पिशवी हळूहळू भरून काही दिवसांनी बाहेर काढली तर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओला कचरा चार दिवस घरात ठेवून दाखवा!

मग अमेरिकेत लोक का घेतात? तिथे पॅकिंगचा सुका कचरा भरपूर. शिवाय काही शहरांत डब्याच्या आकारावर किंवा पिशवीमागे पैसे मोजावे लागतात, त्यामुळे आकार कमी झाला की बिल कमी होतं. आपल्याकडे हा हिशोब लागू होत नाही. शिवाय महापालिकेची कॉम्पॅक्टर गाडी असेल तर ती तोच कचरा पुन्हा दाबतेच, त्यामुळे आपण घरी दाबून गाडीत फारशी जागा वाचत नाही.

यंत्र तिकडून आणायचं म्हटलं तर आणखी एक भानगड आहे. ते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलेल, फ्रिक्वेन्सी नाही. ५० हर्ट्झवर इंडक्शन मोटरचा वेग एक-षष्ठांशाने कमी होतो आणि फ्लक्स वाढून मोटर तापते. इलेक्ट्रिकलच्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको.

आता पुण्याचं वास्तव. इथे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ पासून घरोघरी कचरा गोळा करायला सुरुवात केली. कचरा घेऊन जाणाऱ्या मावशी कागद, प्लास्टिक, काच वेगळी करून विकतात, ती त्यांची कमाई असते. आमटीत भिजलेल्या पुठ्ठ्याचा आणि बाटल्यांचा एक गच्च ठोकळा त्यांच्या हातात दिला, तर त्यातून विकण्यासारखं काय निघणार? आणि आत फुटलेली काच असेल तर हात कोणाचा कापणार? २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांनीही ओला, सुका आणि घातक कचरा घरीच वेगळा करायला सांगितलं होतं. सगळं एकत्र दाबणं म्हणजे याच्या अगदी उलट. बॅटरी किंवा स्प्रेचा डबा चुकून आत गेला तर आगीचा धोका वेगळाच.

मग कॉम्पॅक्टर वाईटच का? नाही. एकाच प्रकारचा सुका माल भरपूर असेल तर दाबणं उपयोगाचं. पुठ्ठ्याचे गठ्ठे बांधणारी बेलिंग मशीन हेच करते. फरक इतकाच की तिथे आधी वेगळं केलेलं असतं.

म्हणून काकांना मी तीन प्रश्न दिले. कचऱ्यात सुका भाग किती? तो आधी वेगळा होतोय का? आणि आकार कमी झाल्याने पैसे नेमके कोणाचे वाचतात? तिन्हींची उत्तरं पाहून माझा सल्ला 'नको' असा आहे. त्या १५ इंचांत दोन डबे आणि बाल्कनीत कंपोस्टची एक कुंडी, एवढं पुरे. काकू एका मिनिटात तयार झाल्या, काका अजून विचार करतायत.

आपल्या होस्टेललाही हेच लागू आहे. मेसच्या उरलेल्या अन्नासाठी बायोगॅस किंवा खताचा खड्डा, आणि रूमवरच्या बाटल्या-पुठ्ठ्यांसाठी प्रत्येक मजल्यावर वेगळा डबा. बाटली टाकण्याआधी रिकामी करा, टाच ठेवा, दाबा. झाला कॉम्पॅक्टर!