जुळं केळं खाऊन जुळी होत नाहीत; पण जुळं असेल तर हे आधी विचारा

कोल्हापूरच्या बाजारात केळी घेताना एखादं जुळं केळं आलं, तर घरातली सासूबाई ते सुनेच्या हाती लागू देत नाही. म्हणे, जुळी होतील! केळ्याचा यात काहीच संबंध नाही. पण या भीतीच्या मुळाशी जुना अनुभव असावा. पूर्वी जुळ्यांतलं एखादं बाळ हाती लागणं कठीण असायचं.

आता आकडे बघू. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार जगात दर 1000 बाळंतपणांत सुमारे 12 जुळ्यांची असतात, म्हणजे जन्मणाऱ्या दर 42 बाळांपैकी एक जुळ्यातलं. 1980 च्या दशकात हे प्रमाण 1000 मागे 9 च्या आसपास होतं. वाढलं कशामुळे? टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार आणि उशिराचं मातृत्व. वय वाढलं की एका पाळीत दोन बीजं सुटण्याची शक्यताही वाढते. एकाच बीजाचे दोन भाग होऊन होणारी, हुबेहूब दिसणारी जुळी मात्र जगभर हजारात चारच्या आसपास राहिली आहेत.

जुळ्यांचा धोका सगळीकडे सारखा नसतो. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जुळी सगळ्यात जास्त जन्मतात आणि तिथं दर पाच जुळ्या बाळांपैकी एक पाच वर्षांचं होण्याआधी दगावतं, असं 2017 च्या एका अभ्यासात दिसलं. श्रीमंत देशांत तशाच कमी वजनाची बाळं बहुतेक वाचतात. फरक पडतो तो बाळंतपण कुठं होतं आणि पहिल्या तासात कोण हजर असतं, यानं.

कारण जुळी लवकर येतात. निम्म्याहून जास्त जुळी 37 आठवड्यांच्या आधी जन्मतात आणि बहुतेकांचं वजन अडीच किलोपेक्षा कमी असतं. फुफ्फुसं कच्ची, अंगात चरबी नाही, दूध ओढायची ताकद नाही. अशा बाळाला थंडीसुद्धा जिवावर बेतू शकते.

आणि इथंच कोल्हापूरचा भूगोल आडवा येतो. शहरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. पण चंदगड इथून शंभरावर किलोमीटर आहे, तिथल्या लोकांना बेळगाव जवळ पडतं. गगनबावड्यात पावसाळ्यात रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. अशा ठिकाणी जुळं असेल तर कुठं जायचं, कशानं जायचं, हे सातव्या महिन्यातच ठरलेलं बरं. सरकारी दवाखान्यात आईचं बाळंतपण आणि आजारी बाळाचे उपचार मोफत असतात, 102 नंबरची गाडीही.

सोनोग्राफी म्हटलं की कोल्हापूरकरांना गर्भलिंगनिदान रोखायला यंत्रांना बसवलेला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ आठवतो. जुळ्यांत मात्र डॉक्टरांना विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: वार एक आहे की दोन? एका वारेवर दोन बाळं असतील, तर शंभरातल्या दहा-पंधरा वेळा एकाचं रक्त दुसऱ्याकडे जायला लागतं. एक सुकतं, दुसऱ्याच्या हृदयावर ताण येतो. म्हणून अशा गरोदरपणात साधारण दर दोन आठवड्यांनी तपासणी लागते. वार किती, हे पहिल्या तीन महिन्यांत, फार तर चौदाव्या आठवड्यापर्यंत नीट कळतं. नंतर सांगणं अवघड होत जातं.

जन्मानंतर सगळ्यात स्वस्त उपाय आईच्या छातीशीच असतो. बाळाला उघड्या अंगानं छातीला बांधून ठेवायचं, याला कांगारू मदर केअर म्हणतात. भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीत, कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं ठेवलं तेव्हा महिन्याभरातले मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. बाळं दोन आणि आई एक, मग कसं करायचं? दोन्ही बाळं एकत्र बांधता येतात. आई थकली की बाबा किंवा आजीनं शर्ट काढून, ब्लाऊज सैल करून बसायचं. घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटींना येतात. त्यांच्याकडून दोन्ही बाळांचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. एकाचं वाढतंय म्हणून दुसऱ्याचं वाढतंच असं नसतं.